काचेतली परडी

सिनेमा मराठवाड्यावरचा आहे, हे पडद्याच्या रंगावरून ओळखता येतं. नावं सरली की पडदा पिवळा पडतो. झाडं पिवळी, भिंती पिवळ्या, पाण्याचा हंडासुद्धा कावीळ झाल्यासारखा. माझा जन्म धाराशिव जिल्ह्यातला, नोकरी धाराशिवच्या शाळेत, आणि आमच्याकडचं आभाळ निळं असतं हे मी शपथेवर सांगू शकते. पण सांगणार कुणाला?

गेल्या वर्षी असाच एक सिनेमा बघायला मी आईला घेऊन गेले. पोस्टरवर ‘आपल्या मातीची गोष्ट’ असं लिहिलं होतं आणि चित्रात एक आराधीण होती, म्हणून खास आईला अणदूरहून बोलावून घेतलं. आई तिथं भावाकडे असते आणि ती स्वतः आराधी आहे. म्हणजे तुळजापूरच्या भवानीची कवड्यांची माळ तिच्या गळ्यात आहे आणि मंगळवारी, शुक्रवारी हातात परडी घेऊन पाच घरी जोगवा मागणं हे तिचं काम आहे. मिळेल ते पीठ परडीत घ्यायचं, त्याची भाकरी करायची, देवीला दाखवायची आणि घरात सगळ्यांनी खायची. आमचं अख्खं बालपण त्या भाकरीवर गेलं.

पडद्यावरच्या आराधिणीचे केस मोकळे होते. वाऱ्यावर उडावेत म्हणून मागं पंखा लावला असणार, कारण मागची झाडं हलत नव्हती. कपाळभर कुंकू, डोळे फिरवलेले, आणि ती घुमायला लागली की कॅमेरा उंच जाऊन घारीसारखा वर गोल फिरत राहायचा. बोलायची तर प्रत्येक वाक्यात एक ‘लई’ हटकून. मी खुर्चीत चुळबुळ करत होते. आई जोगव्याला जाते तेव्हा तिच्या नाकावर चष्मा असतो, अंगावर धुवट लुगडं असतं, आणि प्रत्येक दारात पीठ घेता घेता ती त्या घरातल्या गुडघेदुखीची, बाळंतपणाची, म्हशीची चौकशी करते. त्या चौकशीवर कुणी सिनेमा काढत नाही.

बाहेर पडल्यावर मी आईला विचारलं, “कसा वाटला?”

“लई चांगला हाय की. शेवटाला किती रडली बिचारी. तिची साडी बघितली का? नवी हुती.”

“आई, अगं असं असतं का कधी?”

“तसं न्हाय आसत. पर तिनं मन लावून केलं.”

आईला सगळं आवडतं, हेच माझं दुखणं आहे. टीव्हीवरच्या मालिका आवडतात, मालिकांमधल्या जाहिरातीही आवडतात. मला मात्र अलीकडे काहीच आवडत नाही. पुण्यात नोकरी करणारी माझी मुलगी तर फोनवर सरळ म्हणते, “आई, तू आधी नाक मुरडतेस आणि मग पान उघडतेस.” ती मला जाडजूड अद्भुत कादंबऱ्या पाठवते. तिच्या वयाची सगळी मुलं म्हणे त्याच वाचतात. पहिल्या पानावर नकाशा. नकाशात डोंगर, जंगल, काळ्या राजाचा किल्ला. मग एक मुलगी, जिच्या खांद्यावर जन्मखूण आहे आणि जिला स्वतःला ते माहीत नाही. मग एक दाढीवाला म्हातारा येऊन तिला सांगतो की तलवार तुझीच वाट बघत होती. ती म्हणते, मी नाही. शंभर पानं म्हणते. मग घेते. मी अशा चार कादंबऱ्या चिकाटीनं संपवल्या. चारींत मिळून एकदाही कुणी भांडी घासली नाहीत. घोड्यावरून महिना महिना हिंडणारी माणसं, पण कपडे धुतल्याचा उल्लेख नाही. असल्या राज्यात काय ते अद्भुत घडणार!

आई आली होती तेव्हा टेबलावर त्यातलीच एक पडली होती. तिनं विचारलं म्हणून मी गोष्ट थोडक्यात सांगितली. खूण, म्हातारा, तलवार.

“मग ती न्हाय म्हनल्यावर त्येनं दुसऱ्या कुनाला का न्हाय दिली?”

“दुसरं कुणी नसतंच ना. निवडलेली ती एकटीच असते.”

आईनं ते पुस्तक उचलून नीट ठेवलं. मग म्हणाली, “बरं आसतंय मग. सोपं पडतंय.”

ती कशाबद्दल बोलत होती हे मला लगेच कळलं आणि मी चहा ठेवायला उठले.

तिचे गुडघे गेले होते. पाच घरं तिच्यानं होईनात. परडी आता दुसऱ्या कुणीतरी घ्यायला हवी होती. आमच्या घरातली परडी म्हणजे ताटाएवढी वेताची टोपली, काठाला कवड्या शिवलेल्या आणि तळाला वर्षानुवर्षांच्या पिठाकुंकवाचा थर. आईच्या सासूची होती, तिच्याही आधी कुणाची तरी होती. तिचे नियम दोन-तीनच, पण पक्के. ती रिकामी ठेवायची नाही, जोगव्याला जाणं झालं नाही तरी मूठभर पीठ तिच्यात हवंच. द्यायची ती पदरात, आणि घेणारीनं पदर पसरला की तिनं ती घेतली, तोंडानं कबूल करायची गरज नाही. एकदा दिली की परत मागायची नाही.

वहिनीनं लग्न झालं तेव्हाच सांगितलं होतं की दारोदार उभं राहणं तिला जमणार नाही. तिच्या माहेरी ही रीत नाही, आणि खोटं बोलून घेण्यापेक्षा तिनं खरं सांगितलं, हे मला पटतं. मी तर विज्ञान शिकवते. वर्गात मुलांना प्रश्न विचारायला लावायचे आणि मंगळवारी स्वतः टोपली घेऊन उभं राहायचं, हे मला शक्य नव्हतं. तसं मी आईला स्पष्ट सांगितलं आणि आजही तेच सांगेन. आई रागावली नाही, तिला मुळात रागावता येत नाही. पण मंगळवार आला की परडी मांडीवर घेऊन ती ओट्यावर बसून राहायची. वहिनी फोनवर सांगायची, “वन्सं, आज बी न्हाय जेवल्या. माझ्यामागं हिचं कसं हुनार, एवढंच म्हनत्यात.”

मग एके दिवशी वहिनीचा फोन आला तो वेगळ्याच सुरात. “अहो वन्सं, परडी गेली की!”

झालं होतं असं. एका संग्रहालयाची माणसं गावोगाव फिरून जुन्या वस्तू गोळा करत होती. त्यांत एक तरुण मुलगी होती, सुती कुर्ता, गळ्यात ओढणी, गोड बोलणारी. खंडोबाच्या देवळाकडून कुणीतरी तिला आमच्या घरी पाठवलं. तिनं आईजवळ बसून अगदी मनापासून सगळं विचारलं. परडी कशी भरतात, कवड्या का, जोगवा कधी. इतकं ऐकून घेणारं माणूस आईला किती दिवसांनी मिळालं होतं! शेवटी मुलीनं विचारलं, “आजी, ही आम्हाला द्याल का? आम्ही नीट सांभाळू.” आई म्हणाली, “पदर पसर.” मुलीनं हसून ओढणी पसरली. आईनं तिला हळदकुंकू लावलं, परडी मूठभर पिठासकट तिच्या ओढणीत ठेवली, भवानीचा उदो केला, आणि त्या दिवशी पोटभर जेवली.

“आता काय काळजी न्हाय म्हनत्यात,” वहिनी म्हणाली. “पोरगी शिकलेली हाय, चार गावं फिरती, ती बराबर चालवंल म्हनं.”

मी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. त्या मुलीला वाटलं होतं की आपल्याला एक वस्तू मिळाली आणि वर आजीबाईंचा पाहुणचार. आईला वाटलं होतं की परडीला हात मिळाले. आमच्याकडच्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं त्या मुलीला सांगितलं असतं की बाई, ओढणी पसरण्याआधी विचार कर. पण विचारणार कोण, आणि आईला तरी कोण सांगणार? मी सांगितलं नाही. गाडी सुरळीत चालली होती. आई जेवत होती.

आणि या हिवाळ्यात तेच संग्रहालय फिरतं प्रदर्शन घेऊन धाराशिवात आलं. भावानं हौसेनं आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आई माझ्या दारात.

“तिला भेटायचंय. शहरात पाच घरं वाढत्यात का न्हाय ते इचारायचंय.”

मी शाळेचं कारण काढलं, परीक्षेचं काढलं, प्रदर्शनात फार गर्दी असते असंही सांगून बघितलं. आईनं कमरेच्या पिशवीतून पिठाची एक पुरचुंडी काढून दाखवली. रुमालात गाठ मारून आणलेलं ज्वारीचं पीठ. “मंगळवार हाय आज. तिच्या परडीत पहिलं घर माजं.”

गेलो. तिकडं पोचेपर्यंत मी मनातल्या मनात त्या मुलीशी दहा वेळा भांडून घेतलं होतं.

आता या प्रदर्शनांबद्दल माझं मत. वस्तू बघायला बोलावतात आणि उजेड मालवून ठेवतात. हॉलमध्ये इतका अंधार की आईचा हात धरून चालावं लागलं. माहितीच्या पाट्या अशा उंचीवर की वाचायला वाकावं, आणि वाकलं की आपलीच सावली पाटीवर. कोपऱ्यात लपवलेल्या स्पीकरमधून संबळ वाजत होता, तोच तुकडा पुन्हा पुन्हा, कुणीतरी बटण बंद करायला विसरल्यासारखा. पहिल्या पाटीवर लिहिलं होतं, ‘लोप पावत चाललेली आराधी परंपरा’. आणि ती परंपरा माझ्या शेजारी उभी राहून म्हणत होती, “गार हाय की गं हितं, छान वाटतंय.”

दाराजवळ फोटो काढण्यासाठी पुठ्ठ्याची एक आराधीण उभी केली होती. मोकळे केस, कपाळभर कुंकू, अगदी त्या सिनेमातली. तोंडाच्या जागी भोक. कॉलेजच्या मुली त्या भोकात तोंड घालून फोटो काढत होत्या. माझं डोकं फिरलं. आई मात्र रांगेत उभी राहिली, चष्मा सावरत भोकात तोंड घातलं आणि मला म्हणाली, “काढ की.” काढला. तो फोटो अजून फोनमध्ये आहे. खरी आराधीण खोट्या आराधिणीच्या आत, आणि आनंदानं हसते आहे. मी तो कुणालाच दाखवलेला नाही.

परडी पार शेवटच्या दालनात होती. काचेच्या पेटीत, वरून बारीक दिवा सोडलेला. खाली पाटी, ‘परडी. वेत, कवड्या.’ आईनं काचेला नाक लावून बघितलं. काचेवर तिच्या श्वासाचं धुकं धरलं, ते तिनं पदरानं पुसलं आणि पुन्हा बघितलं.

तेवढ्यात ती मुलगी आली. आईला बघून तिला खरोखर आनंद झाला, हे मला मान्य करावं लागेल. वाकून पाया पडली, “आजी, तुम्ही आलात!” म्हणाली.

“आले की. मंगळवारी कुठं जाती गं तू? तिकडं पाच घरं वाढत्यात का?”

मुलीनं माझ्याकडं बघितलं. भांडायचं सगळं ठरवून आलेली मी, ऐन वेळी पाटीच वाचत राहिले.

“आजी, परडी इथंच असते,” ती हळू आवाजात म्हणाली. “मी नाही नेत कुठं. आम्ही तिला जपून ठेवलंय.”

“रिकामी हाय.”

“हो.”

“तळ कोरा दिसतोय. धुतली का?”

“नाही नाही, धुतली नाही. बारीक ब्रशनं फक्त धूळ काढली.”

“धूळ न्हवती ती,” आई म्हणाली. “पीठ हुतं.”

आईच्या आवाजात राग नव्हता, पण मी तो आवाज याआधी ऐकला नव्हता. सिनेमा आवडला, भोक आवडलं, गार हवा आवडली, आणि आता पहिल्यांदाच तिला एखादी गोष्ट आवडली नव्हती. खरं सांगायचं तर मला क्षणभर बरंही वाटलं. मग तिचा चेहरा बघितला आणि ते बरं वाटणं कुठल्या कुठं पळालं.

तिनं पुरचुंडी काढली. “मूठभर टाक तिच्यात. मंगळवार हाय.”

मुलगी अगदी रडवेली झाली. “आजी, धान्य, पीठ काही ठेवता येत नाही आत. कीड लागते, मग वेतही जातो. नियम आहे. मी हवं तर साहेबांशी बोलते, परत देता येते का बघते...”

“परत नगं,” आई म्हणाली. “दिलेली परत घेत न्हाईत.”

झालं. संग्रहालयाचा नियम आणि आईचा नियम समोरासमोर उभे राहिले, आणि परडी दोघांच्या मध्ये काचेत. मुलगी चुकली नव्हती. तिनं शब्द पाळला होता, सांभाळते म्हणाली आणि सांभाळलं. आईही चुकली नव्हती. मग एवढी सगळी चीड घेऊन मी जायचं कुठं? मागं तो संबळाचा तुकडा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

आईनं पुरचुंडीची गाठ सोडली होती. पीठ तळहातावर घेतलं होतं आणि ते आता कुठं ठेवावं हे तिला कळत नव्हतं. कडेनं पीठ गळायला लागलं. पहारेकरी लगबगीनं आला, “ओ मावशी, खाली सांडू नका, फरशी घाण होतीय.”

त्या माणसाचा मला असा राग आला म्हणून सांगू! त्याचा, पाटीचा, पुठ्ठ्याच्या बाईचा, वरून सोडलेल्या त्या बारीक दिव्याचा, पिवळ्या सिनेमाचा, जन्मखुणेचा, सगळ्यांचा एकदम. मी ओढणी पुढं घेतली आणि दोन्ही हातांनी पसरली. भक्ती वगैरे काही नव्हती. निव्वळ संताप होता. आईच्या हातातलं पीठ फरशीवर पडू द्यायचं नाही, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं.

आईनं माझ्याकडं बघितलं. मग पीठ माझ्या ओढणीत टाकलं, शांतपणे, एक कणही न सांडता. कुंकवाची डबी तिच्याजवळ असतेच. माझ्या कपाळाला बोट टेकवून ती बारीक आवाजात म्हणाली, “उदो.”

“आई, मी फक्त पीठ धरलंय,” मी म्हणाले.

“व्हय की,” आई म्हणाली. “परडी न्हाय म्हनून काय झालं? आजचं एक घर झालं.”

ती मुलगी डोळे पुसत होती. मला तेही आवडलं नाही.

घरी आल्यावर मी ते पीठ एका स्टीलच्या डब्यात काढून ठेवलं आणि वाटलं, विषय संपला. आई गेटजवळ खुर्ची टाकून बसली. गुडघ्यावर हात फिरवत म्हणाली, “ऊन खाली झालंय. कवा निघती?”

मी तिला पुन्हा सगळं समजावलं. माझा विश्वास नाही, शाळेतली मुलं याच कॉलनीत राहतात, मी रागाच्या भरात ओढणी पसरली, त्यामागं तसं काही नव्हतं. आईनं सगळं ऐकून घेतलं. “मला तरी कुटं इचारलं हुतं कुनी,” ती म्हणाली. “सासू आजारी पडली, तिचं ताट सरकवायला म्या पदर खोचाया गेले, आन् तिनं टाकली पदरात.” आणि हसली.

हे मला आजवर माहीत नव्हतं.

ती सकाळपासून जेवली नव्हती, आणि मी गेले नसते तर रात्रीही जेवली नसती. मी डबा उचलला आणि चडफडत निघाले. शेजारच्या बाई वयानं माझ्याहून मोठ्या, आमचं रोजचं जाणंयेणं. आतून मालिकेचा आवाज येत होता. त्यांनी दार उघडलं, माझ्या हातातला डबा बघितला आणि म्हणाल्या, “पीठ संपलं होय? आणते थांबा, वाटीभर पुरेल ना?”

सुटका समोर चालून आली होती. गेटजवळ बसलेल्या आईला एवढ्या लांबून काही ऐकू येणं शक्य नव्हतं. वाटीभर पीठ डब्यात घ्यायचं, मागं वळायचं, तिला डबा दाखवायचा. उसनं की मागितलेलं, हे त्या पिठाला थोडंच कळणार होतं? मी मागं बघितलं. आई चष्मा सावरून इकडंच बघत होती.

“उसनं नको,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. “जोगवा.”

बाईंनी मालिका बंद केली. डोक्यावरून पदर घेतला, आत जाऊन सुपात पीठ घेऊन आल्या, डब्यात घातलं आणि मला काही कळायच्या आत वाकून माझ्या पायाला हात लावला. मी मागं सरकले. अहो बाई, हे काय करताय, मी कुणी नाही, मी सातवीला उष्णतेचं वहन शिकवते, हे सगळं त्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं. डोळ्यांत पाणी आलं त्याचाही राग आला. पण दोन्ही हातांत पिठाचा डबा होता, आणि अजून तीन घरं राहिली होती.